तळटीप

ऑड्री थ्वेट गेली. पत्र भाचीचं आहे,
टाइप केलेलं, खाली शाईची सही.
सोबत विद्यापीठाचं छापील पत्रक:
जन्म हल, गोदीपाशी. बाप मासळीबाजारात तोलारी.
व्याख्याती, प्रपाठक, मग गुन्हेशास्त्राचं अध्यासन, सतरा वर्षं.
ग्रंथ चार.
पहिल्याचं बाळंतपण ठाण्यात झालं,
हे त्यात नाही.

एकोणऐंशीचा मार्च. मी चरईतून चालत जायचे,
किल्ल्याच्या तटाला वळसा घालून तुरुंगाच्या दारात,
पर्समध्ये गृहखात्याचं पत्र आणि लिमलेटच्या गोळ्या.
दुभाषी म्हणून रोज बावीस रुपये.
ती आधीच आलेली असायची. सुती झगा, मानेवर घामोळं,
हवालदाराला न चुकता "नमस्कार".
पस्तीस प्रश्न. सतराव्याशी सगळे अडायचे:
तू जे केलंस, त्याबद्दल आता काय वाटतं?

कुणी छताकडे बघायचा, कुणी जेलरसाहेबाकडे.
काथोड म्हात्रे स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.
मिठागराच्या उघाडीवरून चुलतभावाशी जुंपलेली,
भरतीची वेळ, हातात फावडं.
म्हणाला, "माझे हातशी झाला, बाय."

झालं. केलं नव्हे, झालं.
जशी संध्याकाळ होते, सर्दी होते, पोर होतं.
इंग्रजीत हे कुठं ठेवावं, मी जागा शोधत राहिले.
पलीकडे हातमागांचा खडखडाट,
तिची पेन्सिल हवेत थांबलेली,
आणि शाळेतल्या बाईंनी डोक्यात बसवलेलं
की वाक्याला कर्ता लागतो.
मी सांगितलं: "मी केलं, असं म्हणतोय."

तिनं खाली दोनदा रेघ ओढली.

त्या रेघेवर आख्खं प्रकरण उभं राहिलं.
ठाण्याचा कैदी कबूल करतो, म्हणून बदलतो.
ते परिषदांतून फिरलं, पोरांनी परीक्षेसाठी घोकलं,
कुठल्याशा देशात म्हणे त्यावरून सुटकेचे नियम झाले.
काथोड शिक्षा भोगून कोपरीला परतला तेव्हा
मिठागरावर भराव पडत होता.
उघाडीचा वाद मिटला होता. उघाडीच नव्हती.

एकदा मासुंद्याच्या कठड्यावर शेंगा सोलताना
तिनं बापाचं सांगितलं.
मापात मारताना पकडला गेला, आठ महिने आत.
घरी आला, खुर्चीत बसला, मरेपर्यंत हवापाण्यावर बोलला.
"एकदा म्हणायला हवं होतं त्यानं, मी केलं म्हणून.
मी नऊ वर्षांची होते. तेवढ्यानं भागलं असतं माझं."
टरफलं तिनं रुमालात बांधून घेतली, तळ्यात टाकली नाहीत.

हे काथोडच्या आधी, की नंतर?
आधी असेल, तर तिच्या कानाला काय हवंय
ते मला ठाऊक होतं.
जुनी वही काढून बघितली. शेंगांची तारीख नाही,
फक्त रिक्षाचे दीड रुपये.

एक्याण्णव साली मी सगळं लिहून कळवलं.
तिचं उत्तर दोन ओळींचं, आभाराचं.
तिसऱ्या आवृत्तीत, पान एकशे बारा, अगदी तळाला,
मुंगीएवढ्या टाइपात:
दुभाषीची चूक, ह. कार्निक यांच्या पत्रावरून.
कर्णिकांचा ण तिकडे कुणाला लिहिता येत नाही.
वरचं प्रकरण जसंच्या तसं. 
मीही दुसरं पत्र टाकलं नाही.

आता भाचीला स्मरणसभेत वाचायला
मावशीच्या ठाण्यातल्या दिवसांवर चार ओळी हव्यात.
दोन दिवस कागद घेऊन बसतेय. इंग्रजीत सुरुवात केली
की कर्ता आधी येऊन उभा राहतो.
शेवटी मराठीतच लिहिलं:
माझ्या हातून झालं.
पाकीट चिकटवलंय, तिकीट लावायचंय.
त्यांच्याकडे दुभाषी मिळतो का,
विचारायला हवं.